मामासासऱ्यांची खादाड मंडळी

जगातल्या कुठल्याही विषयावरून दोन-चार वाक्यांत मॅक्रोफेजवर येऊन पोचणारा माणूस अख्ख्या खान्देशात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. सुरुवात कशानेही होऊ द्या. ऊन, निवडणूक, कोणाचं तरी मोडलेलं लग्न, काहीही चालतं. मॅक्रोफेज म्हणजे आपल्या शरीरातली मोठी भक्षक पेशी; जंतू, कचरा, मेलेल्या पेशी, जे वाटेत येईल ते गिळणारी. माझं जळगावात पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे, आणि मोटारवाल्याला हे माहीत नसलं तरी त्याचं लग्न होऊ शकतं, अशी माझी समजूत होती. मुलगी बघायला धुळ्याला गेलो तेव्हा मामांनी मला धंदा, शेती, व्यसन यातलं काही विचारलं नाही. पोह्यांचा घास तोंडात असताना एकदम विचारलं, "तुमना लिव्हरमा कोण राहस?" मी म्हणालो, "कोणी नाही." मामांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं आणि बहिणीला सांगितलं, "पोऱ्या साधा शे. चाली जाई."

मामांनी धुळ्यात आयुष्यभर डॉक्टर होणाऱ्या पोरांना पॅथॉलॉजी शिकवली. निवृत्त झाल्यावर विद्यार्थी गेले, पण शिकवणं राहिलं, आणि ते नातेवाइकांच्या वाट्याला आलं. या पेशींना ते 'खादाड मंडळी' म्हणतात आणि त्यांच्याबद्दल भाऊबंदांसारखं बोलतात. लिव्हरमध्ये राहतात त्या कुप्फर, फुप्फुसात बसून धूळ गिळतात त्या वेगळ्या, मेंदूत झाडलोट करतात त्या मायक्रोग्लिया, हाडात जुनं पोखरून नव्याला जागा करून देतात त्या ऑस्टिओक्लास्ट. "बठ्ठ्या एकच घरन्या शेत," मामा सांगतात, म्हणजे सगळ्या एकाच घरच्या लेकी. "कोनी सावद्याले दिन्ही, कोनी बोदवडले. जठे गयी तठला सोभाव लागना." आमच्या घरात माहेर-सासरच्या बायकांची नावं विसरणारे लोक आहेत, पण कुप्फर कोणी विसरत नाही.

सावद्याच्या एका लग्नात तर कहर झाला. पहिली पंगत कोणाची यावरून दोन्हीकडच्या मंडळींची चांगलीच जुंपली. नवरदेवाचे काका तावातावाने ओरडत होते आणि मुलीची आत्या सगळ्यांना गार पाणी देत, हात जोडत फिरत होती. कसंबसं शांत झाल्यावर आशीर्वादासाठी कोणीतरी मामांच्या हाती माईक दिला. मामा म्हणाले की मॅक्रोफेजमध्येही हे दोन स्वभाव असतात. एक भांडखोर, जंतूंवर तुटून पडणारा. दुसरा निस्तरणारा, जखम भरून काढणारा. भांडखोरांचं राज्य फार दिवस चाललं की सांधे सुजतात, आणि निस्तरणाऱ्यांनी अती केलं की चांगल्या अवयवाचा नुसता व्रण होऊन बसतो. "तेव्हा वधूवरांनी दोन्ही जातींचा योग्य समतोल राखावा," असं म्हणून त्यांनी अक्षता टाकल्या. काका आणि आत्या दोघांनाही आपली स्तुती झाली असं वाटलं, त्यामुळे पंगती सुरळीत उठल्या.

खाण्याच्या बाबतीत मात्र मामांचं विज्ञान जरा ढिलं पडतं. भरताची वांगी आली की ते जळगावला येतातच. पानावरच्या भरतात तेलाचं तळं साचलेलं असताना ते समजावून सांगतात, की रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी साचली की खादाड मंडळी तिथे धावून जाते, गिळगिळून फुगते, आणि हलता न आल्यामुळे तिथेच बसते. मग वाट तुंबते आणि माणूस छाती धरतो. हे ऐकून एकदा माझ्या बायकोने भरताचं भांडं उचललं. मामांनी तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे बाई. त्यासले बी सनवार ऱ्हातस."

मागच्या वर्षी आमच्या मुलीच्या मानेत गाठ आली. ती कॉलेजात शिकते, खाऊनपिऊन चांगली होती, आणि अचानक कुडता सैल व्हायला लागला. डॉक्टरांनी गाठ काढून तपासायला पाठवली. टीबी असेल किंवा कॅन्सर असेल, ते स्लाईड बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, असं स्पष्टच म्हणाले. बायकोने लगेच मामांना फोन लावला. मामा म्हणाले, "नातामधली स्लाईड मी दखत नही," आणि फोन ठेवला. मला भयंकर राग आला. ज्या माणसाने आयुष्यभर आम्हाला नको तेव्हा शिकवलं, त्याने हव्या त्या दिवशी दार लावून घ्यावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा एसटीने आले. मुलीच्या कॉटशेजारी बसून तिच्या औषधांच्या चिठ्ठ्या उलटसुलट करत राहिले. शेवटी तीच म्हणाली, "आजोबा, दुसरं कोणी सांगेल तर मला नुसतं नाव कळेल. तुम्ही सांगाल तर आत काय चाललंय ते कळेल." मामा उठले आणि मला म्हणाले, "चला."

लॅब मामांच्याच एका जुन्या विद्यार्थिनीची. मामा मायक्रोस्कोपला डोळे लावून बसले ते कितीतरी वेळ. मामा मायक्रोस्कोपसमोर गप्प आहेत, हे बघून मी खिशातली दुकानाची बिलं काढून मोजायला लागलो. मग ते उठले आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "आता तुम्ही बघा. मी काय बघितलं ते विचारू नका." बाहेर बाकावर मी विचारलं, "मामा, काय आहे?" ते म्हणाले, "मना डोयावर मना भरोसा नही."

थोड्या वेळाने बाई दारात आल्या. "सर, कडं करून बसल्या आहेत सगळ्या. टीबीच आहे."

मामांनी माझा दंड घट्ट धरला. "मी बी तेच दखं, जावईबापू. जंतू मरत नही म्हनीसन त्याले घेरा घालीसन बठन्यात. कॅन्सर नही. पोर बरी हुई जाई."

मी परस्पर पेढे घ्यायला गेलो. दुकानदाराने विचारलं, काय आनंदाची बातमी? मी म्हणालो, मुलीला टीबी झाला. त्याने पेढे बांधून दिले, पण मी जाईपर्यंत बिचारा माझ्याकडेच बघत होता.

औषधांचा कोर्स पुरा झाला, गाठ गेली, कुडते पुन्हा अंगाला बसले. परवा मामा आले होते. मुलगी स्कूटी काढून कॉलेजला गेली आणि आम्ही दोघेच ओट्यावर चहा घेत बसलो. मी सहज विचारलं, की नात्यातली स्लाईड न बघण्याचा नेम कशासाठी? मामांनी कप खाली ठेवला.

"तुमनी मामीनी स्लाईड मीच दखेल व्हती," ते म्हणाले. "तठे बी त्या व्हत्यात, भरपूर. माले वाटनं राखन करी राहिन्यात. टीबी शे, आसं सांगं मी तिले."

तो टीबी नव्हता. कॅन्सर या पेशींना फितवतो. मग त्या त्याच्याच चाकरीला लागतात, त्याला रक्त पुरवतात, त्याला लपवतात. हे मामा शेकडो पोरांना शिकवत होते. घरच्या स्लाईडमध्ये मात्र त्यांना हवं तेच दिसलं. दुसऱ्या डॉक्टरने खरं काय ते सांगितलं, तोवर उशीर झाला होता. मामी गेल्या, आणि तरी हा माणूस इतकी वर्षं लग्नाकार्यांत माईक धरून त्याच पेशींचं कौतुक करत फिरला.

"राग नाही आला त्यांचा?" मी विचारलं.

"उना ना," मामा म्हणाले. "पन पोरना येळले उभ्या राहिन्यात. घरना मानूसले आखो काय बोलवानं?"

मला त्यांच्याकडे बघवेना. माझं त्यांच्यावर फार प्रेम आहे, हे मला त्या वेळी पहिल्यांदा नीट कळलं. चहा गार झाला होता. मी तो पुन्हा तापवून आणला आणि मुलगी परत येईपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.