काखेतली बाटली

पुढे मेरिन पॅस्कोला परदेशातल्या परिषदांना बोलावणी आली, तेव्हा प्रत्येक भाषणाआधी ती डंगॉगच्या माणसांचे आभार मानायची. ऐकणाऱ्यांना वाटायचं, हे कोणी मोठे शास्त्रज्ञ असतील. कसले शास्त्रज्ञ! गाई राखणारी माणसं ती.

सिडनीच्या उत्तरेला असलेल्या न्यूकॅसलच्या प्रयोगशाळेत मेरिन पुरुषांच्या शुक्रजंतूंचा अभ्यास करायची. आपल्याकडचे पुरुष खाणीत बोट तुटलं तरी हसत सांगतील, पण मूल होत नाही, तपासून घे म्हटलं की दातखीळ बसते. बोल मग बायकोलाच लागतो. मेरिनला याचा मनस्वी संताप यायचा. म्हणून तर हे काम तिने गळ्यात बांधून घेतलं होतं.

त्या वर्षी घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. मूल न होणाऱ्यांचे नमुने होते, पण त्यांच्याशी ताडून बघायला बाप झालेल्यांचे नमुने हवे होते आणि ते कोणी देईना. हिवाळ्यापर्यंत, म्हणजे जूनपर्यंत, मिळाले नाहीत तर विद्यापीठ काम गुंडाळणार होतं.

भर उन्हाळ्यात, जानेवारीच्या रखरखाटात डंगॉगहून क्लॅरी नजंट आला. घरचा दुधाचा धंदा, लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. लग्नानंतर लवकरच सिडनीच्या डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं होतं, शुक्रजंतू सगळे मेलेले, आशा सोड; तेव्हापासून नवराबायकोच्या खाटाही वेगळ्या. त्याची बायको लोरेल गाडीतून उतरलीच नाही.

मेरिनने नमुन्याची बाटली हातात घेतली आणि दचकली. बाहेर डांबर वितळत होतं आणि बाटली गारठलेली!

"क्लॅरी, ही कशातून आणलीस?"

"एस्कीतून, आमच्या बर्फाच्या पेटीतून. बियरच्या खाली, बर्फात नीट खुपसून."

"सिडनीलाही तशीच?"

"तिकडे जास्त बर्फ घातला. लांबचा पल्ला ना."

"अरे देवा! हे कोणी शिकवलं तुला?"

क्लॅरी दुखावला. "शिकवायला कशाला पाहिजे? आमच्याकडे वळूचं बीज गोठवलेलंच येतं. जन्म गेला गाई भरवण्यात."

"अरे राजा, त्यात अंड्याचा बलक घालतात, मग जपून गोठवतात. तुझ्यात कोणी घातला होता बलक? नुसत्या बर्फात ते मरणारच."

क्लॅरी कानापर्यंत लाल झाला. मेरिनला हसू फुटलं, पण त्याचं तोंड बघून ते आतच विरलं. इतकी वर्षं हा माणूस मान खाली घालून जगला, ते या बर्फापायी!

"पुढच्या वेळी शर्टाच्या आत, काखेत धरून आण," ती म्हणाली. "गाडी लोरेलला चालवू दे."

पुढच्या आठवड्यात तो डावा हात बरगडीशी आवळूनच आला. मेरिनने त्याला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला.

"हे... हे माझे?"

"तुझेच. बघ कशी झुंबड उडालीय."

क्लॅरीने टोपी काढली आणि भोकाड पसरलं. मग नाक पुसत म्हणाला, "डॉक्टर, तुमचे उपकार कसे फेडू? बाहेर पाटी लावलीय त्या अभ्यासासाठी माझा नमुना घ्या ना."

"त्याला बाप झालेलेच लागतात रे."

तो टोपी डोक्यावर ओढून निघून गेला. मेरिनला वाटलं, आपली जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

पण क्लॅरी गडी खरा! शनिवारी गावच्या क्लबात सगळ्यांसमोर उभा राहून त्याने एस्कीची गोष्ट स्वतःच सांगितली. माणसं हसून हसून खुर्चीवरून पडली.

"काय रे, लिंबू पिळलं होतंस का वरून?" कोणीतरी ओरडलं.

"हसा लेको, पोट भरून हसा," क्लॅरी म्हणाला. "मग ज्यांच्या घरी पोरं आहेत त्यांनी न्यूकॅसल गाठा. त्या बाईने मला माणसात आणलंय."

मे महिन्यात एका सकाळी मेरिनने दार उघडलं. बाहेर डंगॉगच्या बाप्यांची रांग. एकजात सगळ्यांचे डावे हात बरगडीशी घट्ट आवळलेले आणि नजरा जमिनीवर. तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

"या रे, आत या. फार उपकार झाले तुमचे," ती प्रत्येकाला म्हणत होती आणि ऊबदार बाटल्या घेत होती. काम वाचलं होतं.

रांगेच्या शेवटी क्लॅरी, हात आवळलेला.

"तू कशाला आलास? तुला सांगितलं होतं ना..."

"लोरेलला दुधाचा वास सहन होईनासा झालाय," क्लॅरी म्हणाला. "नाताळच्या सुमाराला होईल म्हणतात." शर्टात हात घालून त्याने बाटली काढली. "आता चालेन ना मी?"

 मेरिनने दोन्ही हात पुढे केले.