डाव्या नांगीचा खेकडा

धाकटी बहीण शाळेत जाऊ लागली, त्या दिवशी आईने तिचा डावा हात कमरेला बांधला.

बांधायची पट्टी उल्हासनगरच्या कॅम्पातल्या सिंधी शिंप्याकडची होती, उरलेल्या कापडाची. निर्वासितांना येऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही अंबरनाथला राहायचो. बहीण सगळं डाव्या हाताने करी. "उद्या सासरी पंगतीत डाव्या हाताने वाढलंस, तर मला काय म्हणतील?" आईचं म्हणणं एवढंच. बहीण रडली नाही. तिने पाटीवर लिहिणंच सोडून दिलं. मी मॅट्रिकला होते. ही लिहायला कधी शिकणारच नाही, अशी मला धास्ती वाटू लागली.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिला कल्याणपलीकडे, खाडीकाठी राहणाऱ्या मावशीकडे नेलं. मावशीने पहिल्याच दिवशी पट्टी सोडून टाकली. ओहोटी लागली की तिथल्या चिखलावर सुपारीएवढे खेकडे बाहेर पडत. नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी, आणि ती तो सारखी वर-खाली हलवी.

"तुलाच बोलावतायत गं बये," मावशी म्हणाली. "जा की!"

बहीण उकिडवी बसून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, ह्याची उजवी मोठी आहे, त्याची डावी. त्याला कुणी बांधलं नाही?"

तो आईला दाखवायचाच, असा तिने हट्ट धरला. डाव्या नांगीचा एक खेकडा आम्ही चिखलासकट डब्यात घेतला. अंबरनाथ स्टेशनावर उतरल्यावर तिच्या हाताला पट्टी मीच पुन्हा बांधली.

घरी डबा परातीत ओतला.

"माझ्या परातीत?" आई ओरडली, पण वाकून पाहू लागली. खेकडा थोडा वेळ गप्प राहिला. मग लहानशा उजव्या नांगीने चिखल उचलून तोंडात घालू लागला. मोठी डावी नुसती पुढ्यात धरलेली.

"बघ, बघ! जेवतोय कसा उजव्या हाताने!" आई म्हणाली.

आमचा साक्षीदारच उलटला होता. मी मान खाली घातली. बहीण मात्र म्हणाली, "मग मीपण उजव्यानेच जेवीन. पण त्याच्या डाव्या हाताला पट्टी बांधशील तू?"

आईने हसू दाबून पाहिलं, जमलं नाही. "त्याच्यापुढे माझी पट्टी टिकायची नाही बाई," म्हणत तिने गाठ सोडली. मनगटावर वळ उठला होता. तो आई अंगठ्याने चोळत राहिली. "जेवायचं, वाढायचं उजव्याने. लिही मग कशानेही."

खेकडा दोन दिवसांनी मेला. त्याला परत खाडीत सोडावं, हे आमच्यापैकी कुणालाच वेळेवर सुचलं नाही.

बहीण गेल्या पावसाळ्यात गेली. शेवटपर्यंत ती उजव्या हाताने जेवली. तिची पत्रं माझ्याकडे आहेत. ती डाव्या हाताने लिहिलेली आहेत.