पेटीवरचं हळदकुंकू

काल नवं कपाट घरी आलं आणि कोऱ्या लाकडाचा तोच वास सुटला. सिंगापूरला तुआसच्या आमच्या फॅक्टरीत तेव्हा चिप बनवायचं मशीन लाकडी पेटीत बंद करून मी वर हळदकुंकू वाहिलं होतं, आणि ते न्यायला आलेला चिनी इंजिनीअर कौतुकाने फोटो काढत होता. तेवढ्यात आमचा सिंगापुरी मॅनेजर आला. अमेरिकेच्या नव्या बंदीमुळे हे मशीन आता चीनला जाणार नाही, म्हणाला. "अमेरिका सेड कॅनॉट, मीन्स कॅनॉट लाह." चिनी इंजिनीअरने मला हळूच विचारलं, "मग विनंती कुणाला करायची?" मी खुळ्यासारखा आजूबाजूला बघत राहिलो. त्या अख्ख्या फॅक्टरीत एकही अमेरिकन माणूस नव्हता.