किल्ल्यावरून आणलेली देवी

फोन आला तेव्हा मी शेतावरच्या कांदाचाळीत कांदा निवडत होतो. नाशिकच्या दवाखान्यातून पोरगा नुसतं "आबा..." म्हणाला. कळलं, माझी सुमन गेली. मी आणखी थोडा वेळ कांदाच निवडत बसलो. दुसरं काय करणार... आता महिना उलटलाय. शाळा मी फार शिकलेलो नाही, लिहिलंय तसं वाचून घ्या. पण रडगाणं लिहिणार नाही. आमची मंडळी जिंकून गेली.

पहिल्यांदा छातीचं दुखणं आलं तेव्हा ती खाटेलाच खिळली होती. संध्याकाळी टीव्हीवर समुद्रातल्या किल्ल्याची मालिका लागायची, त्यात देवीचं देऊळ. हिनं खाटेवरूनच नवस बोलला, चालती झाले तर तिथं येऊन तुझी ओटी भरीन. चांदवडची रेणुका घराजवळ, पण हिला समुद्रातली देवी पाहिजे. मी म्हणालो, "टीव्हीतल्या देवीला कोण नवस बोलतं गं?"

"मी बोलले. आता नवस अंगावर ठेवून मरू का?"

त्याचीच तिला भीती होती, मरणाची नव्हती.

हिंडती-फिरती झाल्यावर आम्ही मुरुडला गेलो, शिडाच्या होडीतून जंजिऱ्याला. तिथं लाटेनं होडी वर उचलली की दरवाजाच्या पायरीवर पाय टाकायचा. नावाडी म्हणाला, "आजी, तुम्ही होडीतच बसा." सुमननं पदर खोचला आणि माझ्या आधी पायरीवर. वरून मलाच म्हणते, "या, घाबरू नका."

आत शूटिंग चाललं होतं. देऊळ सापडलं, पण मागून बघितलं तर नुसते बांबू आणि प्लायवूड. देवी फायबरची. रंग देणारी पोरगी म्हणाली, "आजी, हा सेट आहे. आज शेवटचा दिवस, उद्या मोडणार."

सुमननं देवीच्या गालाला बोट लावून बघितलं. इतक्या लांब येऊन नवस तसाच राहणार, असं मला वाटलं. मी म्हणालो, चल, रेणुकेला भरू ओटी. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी ओटीची पिशवीच पुढं केली.

"बोलले कुणाशी? हिच्याशी. चालत आले का नाय? मंग ओटी हिचीच."

खण, नारळ, तांदूळ, सगळं रीतीनं केलं. राणीचं काम करणारी बाई दागिन्यांसकट येऊन वाकली, कुंकू लावून घेतलं. सुमन तिला म्हणाली, "तुमच्या सायेबाला सांगा, मोडायची आसंल तर मला द्या." साहेब हसला, पण दिली.

परत येताना देवी हिच्या मांडीवर. नावाडी म्हणतो, "आजी, ही पाहुणी कोण?"

"बहीण हाय माझी. तिकीट नाय काढणार."

घरी भटजी म्हणाले, शूटिंगची मूर्ती देवघरात चालत नाही. "मंग ओसरीत ठेवते," सुमन म्हणाली, "येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसंल." गल्लीतल्या बाया आधी तोंडाला पदर लावून हसल्या. पुढं त्याच तांदूळ घेऊन यायला लागल्या. कोणाची पोर आजारी, कोणाची सून अडलेली... सुमन ओसरीत बसून सगळ्यांचं ऐकायची. छातीचं दुखणं परत उठेपर्यंत तिची ती बैठक मोडली नाही.

परवा मंगळवारी शेजारची सून आली. पहिलं बाळंतपण, माहेरी निघालेली. ओटी भरली, हात जोडले आणि थांबली. "आबा, ह्या देवीचं नाव काय? आजी असताना विचारायचं राहूनच गेलं."

मलाही ते ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "सुमन."

पोरीनं डोळे मिटले आणि त्या नावानं गाऱ्हाणं घातलं.