फोटोतल्या साडीचा रंग

जुन्या वस्तू जमवणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण नव्या जुन्या वस्तू जमवणारी बाई सबंध पालघर जिल्ह्यात एकच आहे आणि ती म्हणजे आमच्या घरमालकीण मावशी. कुठल्याही दुकानात शिरल्या की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नवीन जुनी हाय का खरीच जुनी?" खरीच जुनी निघाली तर मावशी पदर सावरून दोन पावलं मागं सरकतात. पण परवाच कारखान्यातून निघालेली आणि पन्नास वर्षांपूर्वीची दिसणारी वस्तू समोर आली, की त्यांचा चेहरा लग्नातल्या करवलीसारखा फुलतो. मी एकदा भीत भीत कारण विचारलं होतं. म्हणाल्या, "जुन्या वस्तूवर कुनाचा ना कुनाचा हक्क असतो गो. नवीन जुनी पयल्या दिवसापासून आपली."

मला खोली मिळाली तीही या प्रश्नामुळेच. आठवीत शाळा सुटली ती सुटली, आणि शिवणकामाच्या जोरावर मी वाशीमकडून बोईसरला कपड्यांच्या कारखान्यात आले. एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. मावशींच्या दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, हातातल्या पत्र्याच्या पेटीकडे पाहिलं. "नवीन जुनी हाय?" मी म्हणाले, नाही, वडलांची आहे. "अरेरे," म्हणाल्या, आणि खोलीची किल्ली दिली. त्या दिवसापासून मी त्यांची ऋणी आहे, आणि त्या दिवसापासून मला धाकधूकही आहे की एक दिवस कसल्यातरी कारणानं ही किल्ली परत मागतील. नळ जोरात सोडायचीसुद्धा मला भीती वाटते.

सुट्टीच्या दिवशी मावशींबरोबर खरेदीला जाणं हे माझं दुसरं काम. बोईसरच्या बाजारात त्यांनी एकदा पांढरी चिनीमातीसारखी दिसणारी पत्र्याची किटली पसंत केली. तिच्या काठावर टवके उडालेत असं मुद्दाम रंगवलेलं होतं. दुकानदार म्हणाला, "आंटी, ये डिझाइन है." मावशींनी किटली फिरवून फिरवून पाहिली. "डिझाइन हाय तं दोनच टवके का? चार-पाच असलेली काड." तशी एक निघाली, तेव्हा घासाघीस सुरू झाली. तो रेट्रो रेट्रो म्हणत राहिला. मावशी म्हणाल्या, "जुन्यासारखी हाय ना? मग भाव पन जुन्यासारखा लाव." दुकानदारानं किटली कागदात गुंडाळायला घेतली.

घरात एक तबकडीचा फोन आहे. तो फोन नाहीच, आत सेल घातले की गाणी लागतात. पण त्याचा खरा उपयोग मावशींच्या नवऱ्यानं, म्हणजे काकांनी शोधला. मावशी बोलत सुटल्या की काका शांतपणे रिसीव्हर उचलतात, "थांब जरा, फोन हाय," म्हणतात आणि कानाला लावून बसतात. काकांसाठी मावशींनी हातभर कॉलरचे शर्ट आणले आहेत. घिवलीला त्यांच्या वाडीवर गेलो, तर समुद्रावरच्या वाऱ्यानं कॉलर सारखी गालांवर फटाफट बसायची. काका दोन्ही हातांनी कॉलर धरून नारळाची झाडं मोजत होते. स्वतः मावशी ओटा धुतात त्यासुद्धा ठिपक्याठिपक्यांच्या साडीत आणि फुग्यांच्या बाह्यांच्या ब्लाउजमध्ये. ते फुगे मीच शिवते. एकदा फुगा कमी झाला तर म्हणाल्या, "यात हवा भरायची राह्यली."

तर या वैशाखात त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती, आणि मावशींच्या डोक्यात आलं की लग्नानंतर पालघरच्या स्टुडिओत काढला होता तस्साच फोटो पुन्हा काढायचा. तशीच साडी, तसाच ब्लाउज, शेजारी तशीच कुंडी. कुंडी मिळाली. साडी शोधता शोधता आम्ही बोईसर पालथं घातलं, पालघर पालथं घातलं. काठ मिळाला, बुट्टे मिळाले, आणि मग दुकानदारानं विचारलं, "रंग कोणता?" मावशींना आठवेना. फोटो काळापांढरा. काकांना विचारलं तर म्हणाले, "मी फोटोवाल्याकडं बघत होतो."

रंग सांगू शकेल असं जगात एकच माणूस उरलं होतं, सफाळ्याजवळ राहणाऱ्या मावशींच्या नणंदबाई. आणि त्यांच्याशी मावशींचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. का, ते कुणी सांगत नव्हतं.

"तू जा," मावशी मला म्हणाल्या. "इचार. पन मी इचारलं म्हनून सांगू नको." दोन घरांच्या भांडणात पडायचं आणि काही उलटं झालं तर खोली जायची. पण ज्या बाईनं पेटी बघून किल्ली दिली तिला नाही कसं म्हणणार? गेले.

नणंदबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी कोण ते सांगायच्या आतच म्हणाल्या, "तिनंच धाडलं ना तुला?" मी "नाही" म्हणाले आणि लगेच "हो" म्हणाले. मग फोटोतल्या साडीचा रंग विचारला. त्या हसल्या नाहीत. "त्या पातळाचा रंग इचारते? तिचं व्हतं का ते? माझं व्हतं. तिच्याकडं फोटोजोगं पातळ नव्हतं, म्हनून आयनं माझं काडून दिलं. एका लग्नात चार मानसांत मी हे खरं बोलले, तं अकरा वर्सं तोंड फिरवून बसली." मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "पेटीत हाय अजून. बगायचं तं वयनीनं स्वतः यावं."

परत येताना मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं होतं. मावशींना सगळं जसंच्या तसं सांगितलं. खोटं मला वेळेवर सुचतच नाही. त्या बराच वेळ किटलीवरचे रंगवलेले टवके नखानं खरवडत बसल्या. मग म्हणाल्या, "ह्या घरात आले तवा माझं असं काय नव्हतं गो. फोटोतलं पातळ पन." एवढंच. किल्लीचं नावही काढलं नाही.

पुढच्या सुट्टीला आम्ही सफाळ्याला गेलो. मावशींनी ती किटली भेट म्हणून बरोबर घेतली होती. नणंदबाईंनी ती हातात घेऊन पाहिली. "वयनी, फुटकी आनलीस?" "डिझाइन हाय," मावशी म्हणाल्या. अकरा वर्षांनंतरचं हे पहिलं बोलणं.

मग पेटी उघडली. मावशी मागं सरकतील म्हणून मी त्यांच्यामागे उभी राहिले, पण त्यांनी साडी उचलून सरळ मांडीवर घेतली. आणि रंग? रंग उरलाच नव्हता. घडीच्या आतही नाही. ना निळा, ना लाल, नुसता धुतलेल्या राखेसारखा. दुकानात रंग न आठवलेल्या मावशी आता ठासून म्हणाल्या, आमसुली होतं. नणंदबाई म्हणाल्या मोरपंखी. "माझं पातळ, मला ठाव नाय?" "नेसले मी, मला ठाव नाय?" दुपारचं जेवण झालं, चहा झाला, त्या फुटक्या किटलीतून ओतून, तरी दोघी हटल्या नाहीत. मी मध्ये बसून दोघींना मान डोलवत होते.

वैशाखात फोटो निघाला. मावशी आमसुली साडीत, नणंदबाई मोरपंखी, दोघींचे ब्लाउज माझ्या हातचे, मध्ये काका कॉलर धरून. मावशींच्या हट्टानं फोटो काळापांढराच काढला. तो हातात आला तेव्हा दोन्ही साड्या अगदी एकाच रंगाच्या दिसत होत्या.

आता सुट्टीच्या दिवशी त्या दोघीच खरेदीला जातात, भांडत. मला कुणी बोलवत नाही, आणि किल्लीची भीती गेली असली तरी दुपार जरा मोठी वाटते. अशाच एका दुपारी मी घरी फोन लावला आणि आईला विचारलं, तुझ्या लग्नातली साडी कोणत्या रंगाची होती. आमच्याकडे फोटो काढलाच नव्हता.

"हिरवी," आई चटकन म्हणाली. मागं अंगणात कोंबड्या ऐकू येत होत्या.

"हिरवीच असंल," म्हणाली. "तू आल्यावर पाहू माझ्या पेटीत."