गाडीतली बाज

पहिला हादरा बसला तेव्हा मी कणीक मळत होते. मी शिक्षिका, शाळेला जायच्या आधी डबे व्हावेत म्हणून लवकर उठते. आवाज खालून आला, जमिनीच्या पोटातून, भरलेला ट्रक घराखालून जावा तसा. मग मांडणीतली ताटं एकमेकांना लागून वाजली. तीन-चार सेकंद, एवढंच. पण तेवढ्यात मी तिसऱ्या मजल्यावरून थेट रस्त्यावर आले होते. हाताला कणीक होती, पायात चप्पल नव्हती, आणि वर घरात नवरा आणि सासू तशीच होती.

आमच्याकडे, नांदेडात, असे हादरे अधूनमधून बसतात. लोक खाली येतात, पाच-दहा मिनिटं उभे राहतात, गावाकडे फोन लावतात आणि हसत परत वर जातात. त्या दिवशीही गेले. मी गेले नाही. नवऱ्याने खाली येऊन गाडीचं दार उघडून दिलं आणि मी शाळेची वेळ होईपर्यंत गाडीत बसून राहिले.

मी औसा तालुक्यातल्या एका खेड्यात जन्मले. तो मोठा भूकंप झाला तेव्हा आठ वर्षांची होते. गणपती बुडवून गाव दमून झोपलं होतं. आमचं घर माळवदाचं. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर लाकडांवर हातभर जाडीचा मातीचा थर. ते सगळं आमच्या अंगावर आलं. मी आणि माझी थोरली बहीण एका वाकळेत झोपलो होतो. ऊन वर आल्यावर मला बाहेर काढलं. तिलाही काढलं, पण फार उशिरा. आत असताना तिचा हात माझ्या हाताला लागत होता आणि मी तो दाबून बघत होते. याहून जास्त मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी नवऱ्यालाही नाही.

त्या सकाळपासून मला घरात झोप येईना. पंखा फिरला तरी मी छताकडे बघायचे. शेवटी मी उशी घेऊन खाली गाडीत झोपायला लागले. आमची गाडी लहान, पुढच्या सीटवर पाय आखडून पडायचं. आठवड्याभरात पाय सुजले आणि मान धरली. शाळेत फळ्यावर लिहिताना हात वर होईना. नवरा म्हणाला, "असं किती दिवस करायचं? काहीतरी सोय तरी कर."

तो चिडून बोलला नव्हता. पण त्याला खाली येता येत नव्हतं. सासूबाईंचं मागे मांडीचं हाड मोडलं होतं. त्या घरातल्या घरात वॉकर धरून चालायच्या, जिना उतरत नव्हत्या आणि आमच्या जुन्या बिल्डिंगीला लिफ्ट नाही. म्हणजे मी खाली गाडीत आणि ती दोघं वर. माझ्या मते जे छत कोसळणार होतं, त्याच छताखाली मी त्यांना ठेवून येत होते. रोज जिना उतरताना हे मनात यायचं आणि तरी पाय उतरायचेच.

मोबाईलवर लोक गाडीत पलंग करून फिरायला जातात त्याचे व्हिडिओ बघितले. हसरी माणसं, मागे डोंगर, पलंगाखाली खोकी ठेवायला जागा. मी टेप घेऊन गाडी मोजली. मागची सीट आडवी केली, पुढच्या सरकवल्या, की माझ्या उंचीपुरती लांबी मिळत होती. वहीत आकृती काढली. भूमिती शिकवते, म्हणून आकृती नीट आली.

ती वही घेऊन देगलूर नाक्याकडच्या एका मिस्त्रींकडे गेले. वय सत्तरीचं, पांढरी दाढी, कानावर पेन्सिल. त्यांच्या घरात तीन पिढ्या बाजा आणि पाळणे बनवायचं काम. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी वही उलटी-सुलटी करून बघितली.

"गाडीत बाज?" ते म्हणाले. "कुठं सफरीला निघालात काय?"

"हो," मी म्हणाले. खोटं बोलणं सोपं गेलं.

सागवानाच्या चौकटीवर प्लाय ठोकायचा आणि मधोमध बिजागऱ्या लावायच्या, म्हणजे दिवसा घडी घालता येईल. व्हिडिओत होते तसे उंच पाय मीच सांगितले होते, हातभर उंचीचे. चाचांनी एकदा विचारलं, "एवढी उंची कशाला?" मी म्हणाले, "खाली सामान राहतं." सामान कसलं, ते मलाही माहीत नव्हतं.

चार दिवसांनी दुपारी शाळा सुटल्यावर मी गाडी घेऊन गेले. बाज आत सरकवली. मापात चपखल बसली. चाचा खूश झाले. "पडून बघा, बाई," म्हणाले. मी डिकीतून आत शिरले आणि पाठीवर पडले. दार नीट लागतं का ते बघायला त्यांनी डिकी बंद केली.

गाडीचं छत माझ्या नाकापासून वीतभर होतं. मी कुशीवर वळायला गेले तर खांदा वर लागला. लाकडाचा भुसा आणि उन्हात तापलेल्या पत्र्याचा वास होता, पण मला मातीचा वास यायला लागला. तोंडात माती आली. मी पायाकडचं दार ढकललं, ते उघडेना. आतून डिकीला कडीच नसते, हे मी दहा वर्षं गाडी चालवून बघितलं नव्हतं. मी लाथा मारल्या. ओरडले असेन, कारण दार उघडलं तेव्हा शेजारच्या पंक्चरवाल्यासकट चार माणसं तिथे उभी होती. माझ्या हाताची नखं रक्ताळली होती. छताचं अस्तर फाटलं होतं.

चाचांनी लोकांना जायला सांगितलं, मला स्टूल दिलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "बाई, खरं सांगा. सफरीला नाही ना निघालात?"

मी गावाचं नाव सांगितलं. तेवढ्यावर त्यांना सगळं कळलं.

"मी गेलतो तिकडं," ते म्हणाले. "तवा जवान होतो. पत्र्याचे शेड उभे केले होते लोकांसाठी, त्याला दरवाजे ठोकायचं काम होतं. जो येईल तो एकच बोलायचा, मिस्त्री, दार बाहेर उघडणारं करा. आत उघडणारं नको. मला पहिल्यांदा समजलंच न्हाई, असं का म्हणून राहिले हे लोक. मग एकानं सांगितलं, आत ढिगारा पडला की आत उघडणारं दार अडकतं."

मग त्यांनी बाज खाली उतरवली आणि करवत घेतली. चारही पाय चार बोटांवर आणले. कापलेला भाग घासून गुळगुळीत केला. नंतर डिकीच्या दाराचं आतलं झाकण स्क्रू काढून सोडवलं. कुलपाच्या आत एक लहान लोखंडी जीभ असते, तिला त्यांनी सायकलच्या ब्रेकची तार बांधली आणि तारेच्या टोकाला लाकडी गोटी बसवली. "हे ओढलं की खुलणार," ते म्हणाले. स्वतः आत जाऊन पडले, मला दार लावायला सांगितलं आणि तार ओढून बाहेर आले. एकदा नाही, तीनदा. सत्तरीचा माणूस, गुडघे धरून, माझी खात्री व्हावी म्हणून.

पिंजाऱ्याकडून पातळ गादी करून घेतली. त्या बाजेवर मला झोप लागायला लागली. खिडक्या बोटभर उघड्या, हात तारेच्या गोटीवर. बिल्डिंगीतल्या बायका बोलायच्या, पण मी ऐकून सोडून द्यायचे.

दुसरा हादरा दिवेलागणीला बसला. बाहेरून आल्यावर वर जायच्या आधी मी अर्धा तास बाजेवर पडले होते. नवरा बाजारात गेला होता. या वेळी आवाज मोठा होता आणि गाडी चाकांवर हलली. तार ओढून मी कधी बाहेर आले ते कळलं नाही. लोक जिन्यावरून धावत खाली येत होते. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून वर बघितलं. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत दिवा लागला होता. वर सासूबाई, आमच्या अव्वा, एकट्या होत्या.

सासूबाई उदगीरच्या. त्यांच्या माहेरी अर्धं कानडी बोलतात, म्हणून नवरा त्यांना अव्वा म्हणतो आणि मीही.

मी जिन्याकडे गेले. पहिला मजला चढले. उतरणाऱ्या माणसांचे धक्के लागत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीला हात लावला आणि ती भिंत मला हलताना जाणवली. हलत नव्हती, हे आज माहीत आहे. मी खाली बसले. वरून वॉकरची टकटक ऐकू येत होती, म्हणजे अव्वा दारापर्यंत आल्या होत्या. त्या माझ्या नवऱ्याला हाक मारत होत्या, मग मला. मी उत्तर दिलं नाही. आवाज फुटला नाही म्हणा, पण मी प्रयत्नही केला नव्हता.

नवरा आला. दोन-दोन पायऱ्या चढत माझ्याजवळून वर गेला आणि त्यांना पाठुंगळी घेऊन उतरला. माझ्याजवळ थांबला. धाप लागली होती. "चल, खाली चल," एवढंच म्हणाला.

खाली आल्यावर त्यांना बाजेवर निजवलं. दुसरीकडे कुठे ठेवणार? डिकीचं दार वर उघडं ठेवून मी त्यांच्या पायाशी बसले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"अव्वा, मी वर येत होते," मी म्हणाले.

"हाव, माहीत हाय. जिन्यात हुंदके देऊन रडत होतीस, ऐकलं मी." त्या म्हणाल्या. "आणि येऊन काय केलं असतंस? मला उचलायचा दम हाय का तुझ्यात? दोघी पडलो असतो."

त्यांनी गादी चाचपली, लाकडाच्या कडेवरून हात फिरवला. दोन वर्षांत त्या पहिल्यांदाच घराबाहेर आल्या होत्या. "बसून गाडीत जायला होत न्हाई मला, मांडी ठणकते," त्या म्हणाल्या. "पण हे तर पडून जायचं काम हाय. मला धबधबा दाखव की. सहस्रकुंड. तुझा सासरा दाखवतो दाखवतो म्हणत गेला."

म्हणून आम्ही गेलो. पाऊस ओसरला होता आणि रस्ते कोरडे झाले होते. भोकर, हिमायतनगर करत इस्लापूरला पोचलो. अव्वा मागे पडून खिडकीतून झाडांचे शेंडे बघत होत्या. कुठलं गाव आलं ते शेंड्यांवरून कळत नव्हतं, म्हणून सारखं विचारत होत्या. मी त्यांच्या शेजारी अंग चोरून पडले होते. बाज एकीच्या मापाची, पण अव्वा वाळून काडी झाल्या होत्या.

धबधब्याजवळ गाडी लावली आणि नवऱ्याने इंजिन बंद केलं, तेव्हा मला तो आवाज आला. तोच. जमिनीच्या पोटातला. नदीला पाणी भरपूर होतं, काळ्या खडकांवरून ते खाली पडत होतं आणि गाडी आतून बारीक थरथरत होती. प्लायमधून ती थरथर माझ्या पाठीला लागत होती. मी तार ओढली आणि बाहेर पडले, पण बाहेरही पायाखाली तेच. पळायला जागा नव्हती. सगळी जमीनच तशी होती.

"परत जाऊ," मी नवऱ्याला म्हणाले.

तो अव्वांकडे बघायला लागला. त्या कोपरावर उठून पाण्याकडे बघत होत्या, तोंड थोडं उघडं, लहान मुलासारखं. मी पुन्हा म्हणाले नाही.

रात्री नवरा महादेवाच्या देवळाच्या ओट्यावर झोपला आणि आम्ही दोघी बाजेवर. मला झोप येणार नव्हती. थरथर थांबतच नव्हती. अव्वांनी अंधारात माझं मनगट धरलं. "पाणी हाय ते," म्हणाल्या. मी हो म्हणाले. पुन्हा थोड्या वेळाने, "पाणी हाय गं." मग मी त्यांना बहिणीचं सांगितलं. वाकळेचं, हाताचं, मी दाबत होते आणि कधीतरी तो हात उलट दाबायचा थांबला त्याचं. शेवटी त्यांनी तिचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते एकदा उच्चारलं, नीट म्हटलं का ते मला विचारलं आणि झोपल्या.

मी जागीच होते. भीती गेली नाही. पण पहाटेच्या सुमाराला अंग थकून सैल पडलं आणि थरथरीतच डोळा लागला. उठले तेव्हा नवरा चहाचे ग्लास घेऊन उभा होता आणि अव्वा त्याला पाण्याच्या धारा मोजून दाखवत होत्या.

दिवाळीनंतर आम्ही ते घर सोडलं. आता तळमजल्यावर राहतो. छत आहेच, पण दारातून अंगण सहा पावलांवर आहे. बाज गाडीतच असते. अव्वांना उदगीरला भावाकडे न्यायचं झालं की उपयोगी पडते. मी महिन्यातून चार-पाचदा तिच्यावर झोपते, कधी जास्त.

मागच्या महिन्यात पुन्हा एकदा जमीन गुरगुरली. आम्ही जेवत होतो. ताट टाकून मी एकटीच बाहेर पळाले. अंगणात पोचल्यावर मागे वळून बघितलं. अव्वा खुर्चीत घास हातात धरून बसल्या होत्या आणि नवरा त्यांना उठवत होता. मी परत आत गेले आणि अव्वांची दुसरी बाजू धरली.