रिकाम्या खुर्चीकडे दाखवलेलं बोट

ती केस आठवली की मला आधी एक रिकामी खुर्ची आठवते. माणसं नंतर आठवतात.

मी तेव्हा नागपुरातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. प्रताप नगरकडची एक दाट वस्ती आमच्या हद्दीत येई. सकाळची हजेरी चालू असताना तिथली आशाताई, म्हणजे घरोघरी फिरणारी आरोग्य कार्यकर्ती, आली. म्हणाली, "साहेब, एका घरची सून आहे. विधवा, जन्माची बहिरी, बोलताबी येत नाही. अंगावर वळ आहेत. मले पाहून नुसती रडून राहिली, अन् दीर भेटूच देत नाही."

आमच्या महिला हवालदार चौकशीला जाऊन आल्या. दुसऱ्याच दिवशी तो दीर स्वतःहून ठाण्यात हजर! सोबत त्याची म्हातारी आई आणि ती सून. तक्रार काय, तर भावजयीवर भरदुपारी, घराच्या आतल्या खोलीत अत्याचार झाला. करणारा म्हणे वस्तीत कचरा न्यायला येणारा सफाई कामगार.

सून कधी शाळेत गेलेली नव्हती. तिच्या खुणा घरात घडलेल्या, बाहेर कुणाला कळत नसत. त्यामुळे दुभाष्या म्हणून दीरच शेजारच्या खुर्चीवर बसला. हवालदारबाई विचारीत, तो हातवारे करी, आणि ती भुवईवरून बोट ओढी. "झाडू, साहेब. झाडूवाला म्हणून राहिली," तो लगेच सांगे.

वस्तीला पटायला वेळ लागला नाही. त्या माणसाची जात आणि त्याचं काम, एवढा पुरावा लोकांना पुरतो. 'आमच्या हवाली करा' म्हणत ठाण्यासमोर गर्दी जमली. आम्ही त्याला आत आणलं ते चौकशीसाठी, आणि खरं सांगायचं तर त्याचा जीव वाचावा म्हणूनही.

"घरात कसा घुसलास?" मी दरडावून विचारलं.

त्यानं हात जोडले. "साहेब, त्या घरचे मले पाणीबी वरून ओततात. ओंजळीनं पितो मी. ओट्यावर चढू देत नाहीत, अन् तुम्ही म्हणता घरात काहून घुसला?"

मी फिर्याद पुन्हा वाचली. त्या दुपारी म्हातारी ओट्यावरच बसली होती, हे फिर्यादीतच होतं. ज्याला ओट्याचीही मनाई, तो तिला ओलांडून आतल्या खोलीपर्यंत गेला आणि कुणी हूं की चूं केलं नाही? ज्या शिवाशिवीनं तो माणूस गोत्यात आला होता, तीच त्याची साक्षीदार निघाली.

तेवढ्यात हवालदारबाई हळूच म्हणाल्या, "साहेब, ती दीराकडे बघतच नाही. खूण करते अन् सासूकडे बघते. तू सांग, असं म्हणल्यासारखी."

मग मी मूकबधिर शाळेतल्या एका शिक्षिकेला बोलावून घेतलं, चित्रीकरणाची सोय केली आणि दीराला बाहेर बसवलं. तो भडकला. "माझ्याशिवाय तिचं बोलणं कोनाले कळन?"

"बघू ना गा, कळतं का," मी म्हणालो.

मी शेजारच्या खोलीत पडद्यावर पाहत होतो. शिक्षिकेनं चित्रं दाखवत, हातवारे करत विचारलं, कोण? तिनं पुन्हा भुवईवरून बोट ओढलं. मग दाराकडे पाहिलं. दार बंद आहे अशी खात्री झाल्यावर तिनं ते बोट शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे नेलं. तिथं सकाळपासून दीर बसलेला होता. त्याच्या डाव्या भुवईत जुन्या जखमेची खोक होती, आम्ही सगळे ती पाहत होतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. नोकरीत एवढा संताप मला क्वचितच आला असेल.

वैद्यकीय तपासणीनं पुढचं काम केलं आणि संध्याकाळी तो कबूलही झाला. सफाई कामगाराला आम्ही सन्मानानं सोडलं, पण त्या वस्तीत त्याला पुन्हा काम करता आलं नाही.

म्हातारीला मी चहा दिला. "आजी, ती खूण तुम्हाला कळत होती ना?"

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मीच तं ठेवली ती खूण. लहानपणी पोरगा पायरीवरून पडला होता."

"मग काहून नाही सांगितलं?"

"नवरा गेला, थोरला गेला. हाच एक कमावता. मी बोलली असती तं मले कोन पोसलं असतं? ती मुकी आहे साहेब. अन् मले तोंड असून काय फायदा?"

बाईवर अन्याय, असं आपण एका दमात म्हणून टाकतो. माझा अनुभव निराळा आहे. बाई विधवा आहे का, तिला ऐकू येतं का, तिचं वय काय, ती कुणाच्या जिवावर जेवते, यावरून तिचं तोंड किती उघडणार ते ठरतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, पण तोंड दाबणारे हात किती असतात हे त्या घरानं मला दाखवलं.

शेवटी पुरवणी जबाब राहिला होता. सासूला ठाऊक होतं असं सून म्हणाली असती, तर म्हातारीही आरोपी झाली असती. शिक्षिकेनं तिला चित्रं काढून तसं समजावलं आणि खुणेनं विचारलं, सासूला माहीत होतं का?

सुनेनं दारातून बाहेर पाहिलं. म्हातारी बाकावर पदरात तोंड घालून बसली होती. सुनेनं ठामपणे मान हलवली. नाही.

आम्ही तसंच नोंदवलं. तिच्या सगळ्या जबानीत तेवढं एकच खोटं होतं.